गावच्या मातीच्या धरणावर फिरायला, पोहायला जागा करायची आहे. आधी काय तपासावं? (उत्तर सोलापूर)

तळ्याकाठी (धागाकर्ता)

शिवारात १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामातून झालेला लपा (लघुपाटबंधारे) तलाव आहे. भिंत पूर्ण मातीची, लांबी २६० मीटर, ओढ्याच्या पात्रात उंची ८ मीटर, माथा अडीच मीटर रुंद. डाव्या अंगाला २० मीटर लांबीचा सांडवा (जादा पाणी वाहून जायची वाट) आहे आणि तो भिंतीच्या माथ्यापेक्षा २ मीटर खाली आहे. पाणलोट (ज्या शिवाराचं पाणी तलावात येतं ते) साधारण ५ चौरस किलोमीटर. विमोचक विहिरीतलं (तलावातलं पाणी खाली सोडायच्या विहिरीतलं) दार बरीच वर्षं कुणी फिरवलेलं नाही. पायथ्याकडून ओढ्याने ६०० मीटर खाली वस्ती आहे, चाळीसेक घरं.

ग्रामपंचायतीचा बेत असा: माथ्यावर पेव्हर ब्लॉकचा फिरायचा रस्ता आणि दिवे, उतारावर झाडं, पायथ्याशी बाग, पोहायला घाट, एक बोट. शिवाय पाणी जास्त दिवस टिकावं म्हणून सांडव्यावर अर्धा मीटर भिंत घालायची. यातलं काय चालेल, काय नाही? नुसतं "खात्याला विचारा" नको, कारणासकट सांगा.

मुरूमखडी

बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी सांडव्यावरची ती भिंत रद्द करा.

हिशेब सोपा आहे. रुंद माथ्याच्या सांडव्यातून जाणारं पाणी (घनमीटर प्रति सेकंद) = १.७ × सांडव्याची लांबी × पाण्याची उंची × त्या उंचीचं वर्गमूळ. तुमचा सांडवा २० मीटरचा. त्यावर १ मीटर पाणी चढलं तर ३४ घनमीटर प्रति सेकंद जातात. आता येणारं पाणी बघा. ५ चौरस किलोमीटरवर तासाला ५० मिमी पाऊस पडला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर येवा (तलावात येणारं पाणी) ३५ घनमीटर प्रति सेकंद. म्हणजे सांडवा १ मीटर भरून वाहतो आणि माथ्यापर्यंत १ मीटर मोकळी जागा उरते. हे ठीक आहे.

पाऊस दुप्पट झाला, तासाला १०० मिमी, तर येवा ७०. सांडव्यावर १.६२ मीटर पाणी. तरीही माथ्याला ३८ सेंटीमीटर शिल्लक. जीव मुठीत, पण भिंत उभी.

आता अर्धा मीटर भिंत घाला. तोच पाऊस, तेच १.६२ मीटर, पण अर्धा मीटर वरून सुरू. बेरीज २.१२. तुमच्याकडे आहेत २. पाणी माथ्यावरून जाणार. आणि मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं की कोरड्या बाजूचा उतार खालून धुपायला लागतो, घळ पडते, घळ मागे सरकत माथ्यापर्यंत येते. पुढचं सांगायला नको.

तलावात साठून येव्याचं शिखर थोडं कमी होतं हे खरं, पण आधीच काठोकाठ भरलेल्या तलावात ती सूट धरायची नसते.

बे_सोलापूर

मालक, भिंत नाही तर निदान वाळूची पोती तरी रचू द्या की! सगळीकडे रचतात. पाणी वाढलं की काढायची.

मुरूमखडी

काढणार कोण आणि कधी? एवढ्या लहान पाणलोटात वरच्या टोकाचं पाणी तासाभराच्या आत तलावात येतं. पाऊस रात्री दोनला. पाण्याखालची पोती हाताने निघत नाहीत, आणि ती काढायला माणूस उतरवायचा तो नेमक्या वाहत्या सांडव्यात. पाणी हवं म्हणून पोती रचणारे आणि धरण फुटेल म्हणून रात्रभर देवळात बसणारे एकाच गावचे असतात.

मासेमारीचा ठेका असेल तर आणखी एक बघा: मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी ठोकलेली असते. तिला जलपर्णी, कडब्याच्या पेंढ्या, प्लास्टिक अडकलं की जाळीची भिंत होते. पावसाळ्यात जाळी नको. सांडव्याच्या पुढच्या चरात वेडी बाभूळ माजली असेल तर तीही मेमध्येच साफ करा. चर तुंबला की पाणी मागे फुगतं आणि वरचं सूत्र लागूच पडत नाही.

काळी_रेगड

वरच्या हिशेबातल्या २ मीटरवर विश्वास ठेवू नका, मोजा. इतक्या वर्षांत भिंत मधे बसलेली असते, कारण जिथे उंची जास्त तिथे दबणंही जास्त. त्यात बैलगाडी, ट्रॅक्टर जाऊन चाकोऱ्या पडतात. डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणून दर १० मीटरवर माथ्याची पातळी घ्या, सांडव्याशी तुलना करा. सगळ्यात खालचा बिंदू तीच तुमची खरी उंची. पाणी सरासरी बघून ओलांडत नाही.

आता सोलापूरची खरी गोम. आपल्याकडे हे तलाव फेब्रुवारी-मार्चला आटतात आणि जून-जुलैच्या पावसात भरत नाहीत. भरतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात, अनेकदा दोन-तीन रात्रींत. ऑक्टोबर २०२० मध्ये जिल्ह्याने हे बघितलेलं आहे. म्हणजे भिंतीतली काळी माती सहा-सात महिने उन्हात वाळते, भेगाळते, आणि मग एकदम पूर्ण दाब येतो. वर्षभर पाणी असलेल्या धरणात भेग हळूहळू फुगून मिटते. इथे मिटायला वेळच मिळत नाही. दरवर्षीचं भरणं जवळपास पहिल्यांदा भरल्यासारखंच असतं. तपासणी मेमध्ये एकदा करून भागत नाही, ऑगस्टअखेर दुसरी हवीच.

माथ्याच्या लांबीला समांतर भेगा जास्त दिसतात, त्या बहुतेक वाळण्याच्या. आडव्या, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूला जाणाऱ्या भेगा कमी दिसतात पण त्याच घातक, कारण पाण्याला आरपार वाट मिळते. समांतर भेग चंद्रकोरीसारखी वळून उतारावर उतरत असेल आणि एक कड खाली बसली असेल तर ते वाळणं नाही, उतार घसरतोय. तिथे स्वतः काही करू नका, अभियंत्याला बोलवा.

तळ्याकाठी

भेगा आहेत, समांतरच. दोन बोटं रुंद, एक आडवीही आहे उजव्या टोकाला. माती ओतून बुजवल्या तर?

काळी_रेगड

वरून सुकी माती ओतली की ती तोंडाशी अडकते, खाली पोकळी तशीच. वरून दिसत नाही एवढाच फरक.

पद्धत: भेगेत चुन्याचं पातळ पाणी ओता. मग भेगेवरून ५० ते ६० सेंटीमीटर रुंदीचा चर खणत जा, पांढरी रेघ दिसेल तोपर्यंत आणि त्याखाली आणखी ३० सेंटीमीटर. चराच्या कडा उभ्या नकोत, थोड्या तिरक्या, म्हणजे नवी माती जुनीला धरते. भरताना त्याच जातीची माती, पण ओलसर: मुठीत दाबली तर गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये. १५ सेंटीमीटरचा थर, धुमसाने ठोकून १० वर आणायचा, वरचा पृष्ठभाग खरवडून पुढचा थर. शेवटी माथ्यावर ३० सेंटीमीटर मुरूम. हा मुरूमच पुढच्या उन्हाळ्यात आतली रेगड वाळू देत नाही. माथ्यावरचा मुरूम झिजून काळी माती उघडी पडली असेल तर भेगांचं मूळ तिथेच आहे.

उजव्या टोकाची आडवी भेग आधी. डोंगरउताराला भिंत टेकते तिथे अशा पडतात. ती भरताना लपा विभागाचा माणूस जागेवर असू द्या.

भुईकोट

मालकी तपासा. सिंचनक्षमता १०० हेक्टरपर्यंत असेल तर तलाव बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, त्यापुढे मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा. ग्रामपंचायतीला भिंतीवर खिळा ठोकायचा तरी त्यांची लेखी परवानगी लागते.

आणि २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यावर भिस्त ठेवू नका. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू. १० ते १५ मीटरमध्ये असेल तर लांबी ५०० मीटर, साठा १० लाख घनमीटर अशा अटींपैकी एखादी पुरी व्हावी लागते. तुमचं ८ मीटरचं त्यात बसत नाही. कायद्याने सक्तीची तपासणी नाही, म्हणजे गावाने करवून घेतली तरच होणार.

बे_सोलापूर

पण राव, किती घाबरवायलेत! हिप्परगा तलाव मातीचाच आहे, इंग्रजांच्या काळापासून उभा आहे. हा पन्नास वर्षं उभा आहे. लोकांना संध्याकाळी बसायला जागा पाहिजे, तर तुम्ही डंपी लेव्हल काढली.

मुरूमखडी

हिप्परगा १८७१ पासून उभा आहे, कारण तो खात्याच्या ताब्यात आहे, त्याला सांडवे मोठे आहेत आणि दुरुस्तीच्या नोंदी आहेत. माती वाईट नाही, बेवारशी माती वाईट. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं धरण फुटलं, तेही मातीचंच. गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या असं तेव्हा बातम्यांत आलं होतं.

बसायला जागा हवीच, नको कुणी म्हटलंय? लोक रोज भिंतीवर चालले तर ओल, भेग, बीळ लवकर दिसतं. फक्त बसायची जागा भिंतीच्या अंगावर नको.

तुमच्या यादीबद्दल: पेव्हर ब्लॉक नको. ते घातले की भेगा झाकल्या जातात, आणि खालचा भराव बसला तर वर फरशी सपाट दिसते, आत पोकळ. मुरुमाचा १५ सेंटीमीटर थर, रोलर फिरवून, पाण्याच्या बाजूला थोडा उतार (दर मीटरला २ ते ३ सेंटीमीटर), म्हणजे पावसाचं पाणी कोरड्या बाजूवरून ओघळून घळी पाडणार नाही. दिव्यांचे खांब आणि केबलचा चर माथ्यात अजिबात खणू नका. चर म्हणजे तयार भेग. सौर दिवे लावायचे तर दोन्ही टोकांना, पक्क्या जमिनीवर. चारचाकी माथ्यावर येऊ नये म्हणून टोकांना साखळी, पण कुलपाची. अडचणीच्या रात्री जेसीबी आत न्यावा लागतो, तेव्हा काँक्रीटचे खांब फोडत बसू नका.

बाकं सांडव्यापलीकडच्या टेकाडावर. तिथून पाणी आणि भिंत दोन्ही दिसतं.

काळी_रेगड

झाडांचं: उतारावर एकही नको. मूळ कुजलं की त्याच्या जाडीची नळी मातीत राहते. आणि जिवंत झाड वादळात उपटलं तर खड्ड्यासकट भिंतीचा तुकडा घेऊन जातं. आहेत ती बाभळीची, सुबाभळीची रोपं मनगटापेक्षा बारीक आहेत तोवर मुळासकट काढा. जाड खोडं कोरड्या दिवसांतच काढायची, बुंधा आणि मुळं खणून, खड्डा वर सांगितला तसा थराथराने भरून. नुसतं तोडून बुंधा ठेवणं सगळ्यात वाईट: वर्षभर कळत नाही, चार-पाच वर्षांनी गळती लागते.

उतारावर हराळी, पवना. गवत गुडघ्याखाली कापलेलं, नाहीतर घुशी आणि खेकड्यांची बिळं दिसत नाहीत. बीळ दिसलं तर माती-सिमेंटचा पातळ रबडा (आठ-दहा भाग मातीला एक भाग सिमेंट) नरसाळ्याने आत सोडा, वरचा फूटभर ठोकून भरा.

झाडं लावायचीच तर कोरड्या बाजूच्या पायथ्यापासून निदान १० मीटर सोडून.

बाग पायथ्याशी नको याचं कारण वेगळं. ठिबक चालू असलेल्या हिरव्या बागेत गळतीची ओल ओळखणार कशी? पायथा कोरडा, उघडा आणि नजरेत हवा. शौचालयाचा शोषखड्डाही तिथे नको.

तळ्याकाठी

पायथ्याशी तसंही ओढ्याच्या पात्रात पाणी झिरपतं, बारा महिने नाही पण तलाव भरला की. हे वाईट आहे का?

मुरूमखडी

झिरपणं वाईट नाही. मातीचं धरण थोडं पाझरतंच, आणि दगडी पायथ्यातून स्वच्छ पाणी आलं तर रचना काम करतेय. प्रश्न तीन: पाणी गढूळ आहे का, वाढतंय का, नव्या जागी निघतंय का.

मोजायला व्ही-नॉच बसवा. ३ मिमी पत्रा, त्यात काटकोनी खाच, धार तासलेली. पात्रात छोटा बांध घालून पत्रा पक्का करा, बाजूने गळू नये. पाण्याची उंची खाचेपाशी मोजायची नाही, मागे अर्धा मीटरवर खुंटी ठोकून तिथे मोजायची. खाचेच्या खालच्या टोकाच्या पातळीपासून ५ सेंटीमीटर म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर, ७.५ म्हणजे २.१ लिटर, १० म्हणजे ४.४ लिटर. शेजारी तलावाची पातळी लिहा. तलाव वाढला तशी गळती वाढली तर ठीक. तलाव तेवढाच असून गळती वाढली तर फोन करा. काचेच्या बरणीत पाणी भरून तासभर ठेवा: तळाला माती बसली तर भिंत आतून वाहून जातेय.

सर्वात संशयाची जागा म्हणजे विमोचकाचा पाइप. पाइपाच्या बाहेरून माती नीट ठोकता येत नाही, म्हणून पाणी पाइपाला चिकटून वाट काढतं. पाइपाच्या आतून आलेलं पाणी म्हणजे दाराची गळती, पाइपाच्या भोवतीने आलेलं म्हणजे धोका. यात गफलत करू नका.

डाळिंब_बाग

आणि गढूळ पाणी आलंच तर खात्याचा माणूस पोचेपर्यंत काय?

मुरूमखडी

आधी वस्तीला कळवा आणि हलवा, मग बाकीचं. ६०० मीटर म्हणजे मिनिटांचं अंतर. कोण कुणाला उठवणार, कुठल्या उंच जागी जायचं, हे जूनमध्येच ठरलेलं असावं. ११२ ला फोन, तहसीलला फोन.

मग पाणी उतरवा: विमोचक पूर्ण उघडा. भिंत कापायची नाही, कधीच नाही. सांडव्यात काही अडलं असेल तर ते मोकळं करा.

झरा जिथे निघतोय ते तोंड बंद करू नका. ही सगळ्यात मोठी चूक, कारण बूच मारलं की पाणी आतच दाबाने दुसरी वाट शोधतं. त्याला पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं झाकण द्या: थेट मातीवर जाड वाळू २० सेंटीमीटर, त्यावर २० मिमी खडी तेवढीच, त्यावर ४० मिमी किंवा डबर. क्रम उलटा झाला तर उपयोग शून्य. जोर इतका असेल की वाळू उडून जाते, तर आधी खडी टाकून जोर मारा, मग वाळू, मग परत खडी. झरा सपाट जमिनीवर असेल तर भोवती पोत्यांचं कडं करून आत पाणी फूट-दोन फूट चढू द्या. पाणी स्वच्छ यायला लागलं की थांबा, आणखी चढवू नका.

पाण्याच्या बाजूला भोवरा दिसला तर तिथे मातीची पोती, ताडपत्री, कडबा जे असेल ते सोडा. त्या भोवऱ्याजवळ माणूस पाण्यात उतरवायचा नाही. काठावरून किंवा बांबूने ढकलायचं.

वाहता सांडवा न ओलांडता पोचता येईल अशा जागी कायम ठेवा: वाळू २ ब्रास, २० मिमी खडी १ ब्रास, डबर १ ब्रास, रिकामी पोती दोनशे, फावडी, पाट्या, बॅटऱ्या, दोर. पोतं दोन तृतीयांशच भरा, तोंड दुमडून खाली घाला. गच्च भरलेली पोती एकमेकांवर बसत नाहीत, मधून पाणी येतं.

सूर_पारंबी

आता पोहण्याचं, कारण तलावावर माणसं मरतात ती धरण फुटून नाही, बुडून.

गाळ उपसलेल्या तलावात पोहणं हा पूर्वीपेक्षा वेगळा खेळ झालाय. जुना तळ हळूहळू उतरत जायचा. गाळमुक्त धरण योजनेत किंवा परस्पर जेसीबीने गाळ काढला की तळात ३-४ मीटरचे उभ्या कडांचे खड्डे राहतात. तलाव भरला की वरून सगळं सारखंच दिसतं. कमरेएवढ्या पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावर पाण्यात. कडेची माती ओली रेगड, हाताला धरवत नाही, पाय रुततो.

म्हणून पोहायची जागा पाण्यात नाही, कोरड्या तळावर मेमध्ये ठरवायची. भिंतीपासून आणि विमोचक विहिरीपासून निदान ५० मीटर दूर, सांडव्याच्या विरुद्ध अंगाला, जिथे मुरमाड नैसर्गिक उतार आहे. भरलेल्या पातळीपासून १.२ मीटर खाली येणारी रेषा नळीच्या लेव्हलने काढा, तिथे खुंट रोवा. ती पोहण्याची हद्द. पाणी उतरलं की हद्द सरकते, म्हणून दर अर्ध्या मीटरला आणखी एक खुंटांची ओळ. त्या पट्ट्यातले आणि त्याच्या पलीकडच्या २० मीटरमधले खड्डे भरून किंवा कडा तासून उतार १ ला ५ इतका सपाट करा. पाणी आल्यावर खुंटांना १० मिमी नायलॉन दोर, त्यावर दर २ मीटरला ५ लिटरचे बूच लावलेले रिकामे कॅन.

विमोचक विहिरीवरून सूर मारणं बंद. दार उघडं असलं की तोंडाशी पाणी ओढतं, ती ओढ वरून दिसत नाही. पिचिंगवरून (पाण्याकडच्या उतारावर रचलेल्या दगडांवरून) पाण्यात उतरणंही नको: शेवाळलेले दगड, घोटा दोन दगडांत अडकतो. आणि एक दगड निसटला की लाटा त्या जागेची माती खातात. घराच्या पायाला पिचिंग पळवणाऱ्यांबद्दल वेगळा धागा काढता येईल.

वायरमन_अक्कलकोट

पाण्यातल्या मोटारी विसरलात. काठाने ऊस-डाळिंबाच्या मोटारी, केबल पाण्यातून, जोडाला नुसती टेप. जोडात पाणी गेलं की आसपासचं पाणी करंट मारतं. पोहणारा ओरडूही शकत नाही, वाचवायला उतरलेलाही जातो. पोहण्याच्या पट्ट्यापासून ५० मीटरमध्ये एकही मोटार, केबल नको. इतर मोटारींना ईएलसीबी (करंट गळला की लाइन आपोआप बंद करणारं यंत्र) आणि स्टार्टरला खरी अर्थिंग. "करंट लागतोय" असं कुणी म्हटलं तर आधी डीपीवरून लाइन बंद, मग पाण्यात हात.

डाळिंब_बाग

गाळाबद्दल: आम्हा शेतकऱ्यांना गाळ पाहिजेच. किती अंतर सोडायचं?

काळी_रेगड

पाण्याकडच्या पायथ्यापासून भिंतीच्या उंचीच्या निदान पाचपट. तुमच्याकडे ४० मीटर. तिथला गाळ हा तळाला घातलेल्या रजईसारखा असतो, पाझर अडवतो. आणि फक्त गाळ. खाली मुरूम लागला की थांबायचं. मुरूम विकायच्या नादात मूळ तळ फोडला तर तलाव भरतो आणि डिसेंबरात रिकामा होतो, मग पाणी कमी पडतं म्हणून पुन्हा सांडव्यावर पोती.

सूर_पारंबी

सांडव्यावरची गर्दी. पाणी सुटलं की अख्खं गाव, पाहुणे, सगळे तिथे. सांडव्याच्या माथ्यावर फूटभर पाणी वाहत असेल तर वेग सेकंदाला १.७ मीटरच्या आसपास असतो, आणि खाली उतारावर वाढत जातो. खाली शेवाळ. पोटरीपर्यंतच्या पाण्यात लहान मूल टिकत नाही, गुडघ्यापर्यंत मोठा माणूस. पाऊस वरच्या शिवारात पडत असतो, इथे ऊन. पातळी वाढतेय हे कळेपर्यंत मागे फिरायची वाट बंद. त्यामुळे "थोडंच पाणी आहे" हा नियम नको. पाणी वाहतंय म्हणजे सांडव्यात कुणी नाही. बघायचं ते टेकाडावरून. दोन्ही बाजूंना साखळी, आणि त्या चार दिवसांत माणूस बसवा. फलक कुणी वाचत नाही.

तळ्याकाठी

बोट ठेवावी का?

सूर_पारंबी

एवढ्या तलावात वल्ह्याची, चार जणांची, प्रत्येकाला आयएसआय खुणेचं जॅकेट पट्टे बांधून. बुडाखाली बसायला घेतलेलं जॅकेट उपयोगाचं नाही. एप्रिल ते जून पाणी उरलंच असेल तरी दुपारी तीननंतर बोट बंद. वळिवाचा वारा पाच मिनिटांत येतो. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी उजनीच्या पाण्यात बोट वादळात उलटली, ६ जण गेले. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर मुलं सोडणं बोटीपेक्षा वाईट. वारा ट्यूब मधे नेतो, पोरगं घसरतं, ट्यूब पुढे जाते.

काठावर दर ५० मीटरला खांबावर २० मीटर दोर आणि त्याला बांधलेला रिकामा कॅन, तळाशी लिटरभर पाणी घालून, म्हणजे फेकला तर वाऱ्याने भरकटत नाही. बुडणाऱ्याकडे पोहत जायचं नाही. फेका, बांबू द्या, साडी-धोतर जोडून फेका.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं धरणं, गरगर फिरवणं सगळं बंद. श्वास नसेल तर नाक धरून तोंडाने आधी ५ श्वास, मग छातीच्या मधोमध ३० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या लयीत. मग २ श्वास, परत ३० दाब, १०८ येईपर्यंत. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचा. फुप्फुसात पाणी गेलेला माणूस काही तासांनीही बिघडू शकतो.

भुईकोट

विसर्जन तलावात नको हेही ठरावात घ्या. अंधारात, गर्दीत, पिचिंगवरून मूर्ती घेऊन उतरणं. सांडव्यापलीकडे ताडपत्रीचा हौद पुरतो.

तळ्याकाठी

ग्रामसभेला हे मांडतो: सांडव्यावरची भिंत रद्द, पेव्हर, दिवे आणि पायथ्याची बाग रद्द, मुरुमाचा रस्ता, बाकं टेकाडावर, पोहायची जागा मेमध्ये आखून. विमोचकाचं दार राहिलं. ते गंजलंय, जोर लावून फिरवायचं का?

मुरूमखडी

तलाव भरलेला असताना नाही. अर्धवट उघडून अडकलं तर तलाव रिकामा होईपर्यंत बंद होणार नाही, आणि आटा तुटला तर उघडणारही नाही. पाणी दाराच्या खाली गेल्यावर, एप्रिल-मेमध्ये: स्पिंडलच्या आट्यांवर डिझेल सोडून एक रात्र, तारेच्या ब्रशने गंज काढा, मग पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत मोकळं करा. लांब पाइप लावून चार जण लटकू नका, स्पिंडल पिळतो. पूर्ण उघडून दाराच्या बैठकीतला गाळ-दगड काढा, पूर्ण बंद करा, ग्रीस भरा. किती फेऱ्यांत पूर्ण उघडतं ते विहिरीच्या भिंतीवर रंगाने लिहा.

भरलेला तलाव उतरवायची वेळ आली आणि धोका तातडीचा नसेल तर दिवसाला फूटभरापेक्षा जास्त नको. पाणी झपाट्याने गेलं की पाण्याकडचा ओला उतार आधाराविना घसरतो.

बे_सोलापूर

हँडल कुठाय ते तरी माहिती आहे का बे कुणाला? आधी ते शोधा.

मुरूमखडी

हा मुद्दा एकदम बरोबर. हँडल बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी गोठ्यात सापडतं. नसेल तर स्पिंडलच्या चौकोनी डोक्याचं माप घेऊन लोहाराकडून दोन करून घ्या. एक ग्रामपंचायतीत भिंतीला टांगलेलं, दुसरं खालच्या वस्तीत.